धुतलेली छत्री

आमचा साकीनाक्याचा गाळा एका लेथवाल्याच्या आणि एका बफिंगवाल्याच्या मधे चेपलेला होता. डावीकडून दिवसभर लोखंड किंचाळायचं, उजवीकडून पितळ घासून चकचकीत करताना काळी भुकटी उडायची, आणि मधे आमची दोन जाड सुईची यंत्रं ट्रकच्या ताडपत्र्या शिवत बसायची. बाबा आधी गिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. गिरणी गेली तेव्हा गावाकडे परतायचं की इथेच राहायचं यावर घरात वर्षभर खल झाला, आणि शेवटी बाबांनी ही दोन यंत्रं आणून खल बंद केला. कापडाशिवाय मला दुसरं काही येत नाही, असं ते सांगत, आणि ते खरंच होतं. साधा बल्ब बदलायचा तरी आई स्टुलावर चढायची. पण कापड मात्र ते डोळे मिटून ओळखत. अंगठा आणि तर्जनीमधे चिमटीत धरायचं, एकदा चोळायचं, आणि कुठलं सूत, किती पिळाचं, कोणी फसवलंय का, हे सांगायचं. बारावीनंतर कॉलेज सुटलं आणि मीही गाळ्यावर बसायला लागले. ‘लागेपर्यंत’ असं ठरलं होतं. म्हणजे लग्न लागेपर्यंत की नोकरी, ते कोणी स्पष्ट केलं नव्हतं.

आम्ही राहायचो मागच्याच गल्लीत, चाळीच्या पहिल्या मजल्यावर. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी एकच्या सुमारास आई डबा घेऊन गाळ्यावर यायची, त्यात भात आणि बांगड्याचं तिखलं. त्या वासाने लेथचा गुजराती मालक रोज शटर अर्धं खाली ओढायचा आणि आई रोज त्याला ऐकू जाईल अशा आवाजात शेजाऱ्यांविषयी काहीतरी बोलायची. आई स्वभावाने भांडखोर नव्हती, पण तिची दोन-तीन तत्त्वं होती आणि त्यांच्या आड कोणी आलं की ती हटायची नाही. त्यातलं पहिलं स्वच्छतेचं. शिवायला आलेली कुठलीही वस्तू आमच्याकडून मळकी परत गेली नाही पाहिजे. भाजीवाल्याची फाटकी पिशवी असो, नाहीतर कोणाच्या टेम्पोचं तेलकट आच्छादन, शिवून झालं की आई ते घरी न्यायची, धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात बुडवायची, ब्रशने घासायची आणि गच्चीवर वाळवून, घडी घालून गाळ्यावर आणून ठेवायची. त्याचे वेगळे पैसे नाहीत. बाबा आधी कुरकुरले, पण पुढे त्याचीच ख्याती झाली. इतर शिवून देतात, हे लोक नवं करून देतात, असं गिऱ्हाइकं एकमेकांना सांगायची, आणि बाबा ते ऐकून न ऐकल्यासारखं करत सुईत दोरा ओवत बसायचे.

अजित दळवी आमच्याकडे आला तो पाठीवर स्वतःच्या उंचीएवढी पिशवी घेऊन. मुलुंडचा मुलगा, तिथल्याच एका कारखान्यात ड्रॉइंग काढायच्या नोकरीत. शनिवार-रविवारी चार-सहा दोस्तांबरोबर लोणावळ्यापलीकडच्या डोंगरांवर जायचा आणि तिथून पॅराग्लायडर लावून उडायचा. हे शब्द तेव्हा आमच्या गल्लीत कोणी ऐकलेले नव्हते. आज माझी मुलगी फोनवर दाखवते ना, हिमाचलातल्या डोंगरावरून कोणी हौशी माणूस ओरडत उडतोय आणि मागे बसलेला पायलट कॅमेऱ्याकडे बघून हसतोय, तसलं काही आम्ही सिनेमातही पाहिलं नव्हतं. अजितने पिशवी सोडली आणि केशरी-जांभळं कापड बाहेर काढत गेला, काढत गेला, गाळा भरला, ताडपत्र्यांवर चढलं, बाहेर रस्त्यावर सांडलं. खाली शेकडो बारीक दोऱ्या. मुंबईभर हिंडलो, म्हणाला, कोणी हात लावायला तयार नाही. बाबांनी चिमटीत कापड धरलं, चोळलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी गिरणी गेल्यापासून न पाहिलेला आनंद दिसला. असं पातळ आणि असं चिवट कापड त्यांच्याही हाताला लागलं नव्हतं. त्या कापडाला आवाज होता. जरा हललं की नव्या नोटेसारखं करकरायचं.

आईने तिला छत्रीच म्हणायला सुरुवात केली आणि आमच्याकडे तेच नाव रूढ झालं. अजित दीडदोन महिन्यांनी एकदा यायचा. कधी बसायचा पट्टा उसवलेला, कधी छत्री बाभळीत अडकून फाटलेली. ती छत्री त्याने परत मायदेशी चाललेल्या एका परदेशी माणसाकडून जुनी घेतली होती आणि तिच्यावर त्याचा जीव होता. तो आला की बाबा ताडपत्री बाजूला सारायचे. ट्रकवाले बोंबलत राहायचे. कारण अजितच्या कामात बाबांना कोणीतरी विचारत होतं, काका, हे टाके किती अंतरावर घालायचे, काका, इथे ताण येतो, काय करूया. साचेखात्यातल्या माणसाला विचारणारं कोणी उरलं नाही की तो आतून कसा वाळत जातो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आई त्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही. ‘झिला, इतक्या उंचावरसून उडतंस, तुका भिया नाय वाटणा?’ असं दर वेळी विचारायची, आणि तो दर वेळी सोलकढीची वाटी तोंडाला लावून मान हलवायचा. मला तिने त्याला दादा म्हणायला सांगितलं होतं. मी दादा म्हणायचं टाळलं आणि नावही घ्यायचं टाळलं, नुसतं ‘अरे’ म्हणायचे. अठरा वर्षांच्या मुलीने असं का केलं असेल, हे आईला कळत नव्हतं असं नाही.

एकदा त्याने मला ती छत्री समजावून सांगितली. पुढच्या काठाला ओळीने तोंडं असतात, त्यातून हवा आत शिरते आणि आत शिरली की तिला बाहेर यायला वाट नाही. त्या कोंडलेल्या हवेनेच छत्रीला पंखाचा आकार येतो. आकार आहे तोवर ती पुढे सरकते, आणि पुढे सरकते तोवर माणूस वर राहतो. म्हणून कापडावर एक लेप असतो, हवा न सोडणारा. त्याने एक कोपरा माझ्या हातात दिला आणि तोंड लावून हवा ओढायला सांगितलं. मी ओढली. काही आलं नाही, कापड नुसतं ओठांना चिकटलं. आई डबे विसळत बघत होती, मला लाज वाटली. मग छत्रीची घडी घालता घालता, दोऱ्यांकडे लक्ष ठेवून, तो सहज बोलला, ‘आणि हिला साबण लावायचा नाही हं विजू. मळली तर मळू दे.’ एवढंच. बाबा तेव्हा चहाला गेले होते आणि आई डबे घेऊन घरी निघून गेली होती. ते वाक्य फक्त मी ऐकलं.

पाऊस संपून शेतं पिवळी व्हायला लागली की अजित हिमाचलात जायचा, पंधरा दिवस रजा टाकून. तिथे म्हणे एक लांब डोंगरधार आहे, तिच्यावरून उडालं की समोर बर्फाची शिखरं आणि खाली चहाचे मळे. त्या वर्षी तर परत आल्यावर त्याला उडणाऱ्यांच्या क्लबात शिकवण्याचं काम मिळणार होतं, नोकरी सोडायची की नाही यावरून त्याची वडिलांशी बोलणं बंद होतं. निघण्याआधी दोन आठवडे तो घाटावर उडायला गेला आणि उतरताना भाताच्या खाचरात पडला. छत्री आमच्याकडे आली ती चिखलाने माखलेली, एका बाजूला हातभर फाटलेली. निघायच्या आदल्या दिवशी न्यायला येतो, असं सांगून तो गेला. बाबांनी तीन दिवस खपून ती फाट अशी सांधली की शोधून सापडू नये. आणि मग आईने छत्री घरी न्यायला घेतली.

त्या सकाळी गच्चीवर मोठा प्लास्टिकचा टब होता, चुलीवर पाणी तापत होतं आणि आईने सोड्याची पुडी दाताने फाडली होती. मी तिला म्हटलं, ‘आई, साबण नको लावायचा म्हणाला होता.’ ती म्हणाली, ‘पुरुषांका धुण्यातला काय कळता? ह्यो चिखल नुसत्या पाण्यान जातलो?’ आणि मी गप्प बसले. ह्या गप्प बसण्याकडे मी आयुष्यभर वळून वळून पाहिलं आहे. आईला विरोध करायची माझी छाती नव्हती, हे एक. पण ते सगळं खरं नव्हे. मलाही ती छत्री लख्ख हवी होती. तो येईल, बघेल, कोणी धुतली विचारेल, आई म्हणेल विजूने पण हात लावला, असं एक चित्र माझ्या डोक्यात तयार होतं. मग मीच दोऱ्यांच्या दोन जाड वेण्या घातल्या, गुंता होऊ नये म्हणून, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. आम्ही दोघींनी मिळून छत्री सोड्याच्या कढत पाण्यात बुडवली. चिखल गेला, दुसऱ्या पाण्यात गढूळपणा गेला, तिसरं पाणी दुधट आलं. आम्हाला वाटलं, साबण. आईने ब्रश घेतला. मग एक टोक तिने धरलं, एक मी, आणि चादर पिळतो तशी आम्ही ती वीत-वीत करत पिळत गेलो. दोन दिवस ती गच्चीवर तीन दोऱ्यांवर उन्हात पसरलेली होती. चाळीतली पोरं खालून वाकून जायची. रंग असे उघडले होते की समोरच्या इमारतीतल्या बायका कुठलं कापड म्हणून विचारायला आल्या, आणि आई जरा जास्तच वेळ त्यांच्याशी बोलत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा वर आले. त्यांनी नेहमीप्रमाणे चिमटीत धरून चोळलं, पुन्हा चोळलं, मग दोन्ही हातांत घेऊन चुरगाळलं. छत्री करकरली नाही. ती आता मऊ पडली होती, धुवट लुगड्यासारखी. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि जर त्या क्षणी ते नुसते बुचकळ्यात जरी पडले असते तर मी बोलले असते, असं मला वाटतं. पण ते हसले. ‘कांजी गेली,’ म्हणाले. ‘आता खरं कापड हाताला लागलं.’

हे गिरणीबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. मागावर सूत तुटू नये म्हणून त्याला आधी कांजी लावतात. विणून झालं की ती धुऊन काढायची असते. न धुता विकलं तर कापड भारी आणि करकरीत वाटतं, गिऱ्हाईक भुलतं, आणि पहिल्या धुण्यात त्याचं फडकं होतं. बाबांच्या दृष्टीने करकरणारं कापड म्हणजे लबाड व्यापाऱ्याचं कापड. तीस वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं. त्यामुळे परदेशी असो की देशी, ज्याने कोणी ही छत्री बनवली त्याने कांजी ठेवून विकली होती, आणि आपल्या बायकोने ती काढून माल अस्सल केला, असं त्यांना मनापासून वाटलं. आईचं त्यांनी कौतुक केलं, जे ते सहसा करत नसत. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं हसत हसत म्हणतात लोक. आमच्या बाबतीत ते हसण्यावारी न्यायची सोय उरली नाही.

अजित आला तो घाईत. पिशवीत डोकावून बघितलं, म्हणाला, ‘काकू, हे तर नवंकोरं.’ त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेल्यासारखं मला वाटलं, पण ते मी मागाहून तिथे घातलं असेल, खात्री देता येत नाही. त्याने छत्री उघडून पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं, अजून बूट घ्यायचे होते. आईने त्याच्याबरोबर रव्याचे लाडू दिले. मला तो म्हणाला, ‘चल गं, फोटो आणतो तुला बर्फाचे.’ मी मान हलवली.

सहाव्या दिवशी बफिंगवाल्याकडे आमच्यासाठी फोन आला. आमचा तो पी.पी. नंबर. अजितच्या एका दोस्ताचा होता. धारेवरून चांगला उडाला, म्हणे, दहा-पंधरा मिनिटं वरच होता, मग वळणं घेत खाली येऊ लागला आणि एकाएकी छत्री पुढे जायची थांबली. डोक्यावर उघडीच होती, फाटली नाही, मिटली नाही, पण पुढे जायचं सोडून त्याला घेऊन सरळ खाली बसत गेली. दगडांत पडला. जिवंत आहे, पण कंबरेखाली काही हलत नाही. बाबांनी रिसीव्हर ठेवला आणि बफिंगवाल्याला फोनचा रुपया दिला. तो घेत नव्हता, पण बाबा त्याच्या हातात कोंबत राहिले.

त्याला मुंबईत आणायला महिना गेला. मग एका मोठ्या सरकारी इस्पितळात होता. बाबा आणि मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्याभोवती क्लबातली माणसं उभी होती आणि निकाल लागून गेलेला होता. अजितने ब्रेक जास्त ओढले. हातांनी दोन दोऱ्या ओढल्या की छत्रीचा वेग कमी होतो, आणि फार ओढल्या तर ती उडायची थांबते, असं ते आपसात बोलत होते. तरुण पोरांना जास्त वेळ वर राहायचा मोह होतो, नवीन मुलांना हे सांगायला हवं, असंही कोणी म्हणालं. त्याचे वडील खाटेच्या पायाशी उभे होते. ‘सांगत होतो,’ एवढंच ते अधूनमधून बोलायचे. अजित छताकडे बघत पडला होता. सगळे गेल्यावर त्याने बाबांना सांगितलं, ‘काका, माझंच चुकलं. उचलतानाच जड वाटत होती, आळसल्यासारखी. मला वाटलं तिथली हवा विरळ आहे. हातच चुकला माझा.’ बाबा त्याच्या उशाशी बसून होते. ‘उचलताना जड’ हे शब्द ऐकून त्यांचा हात त्याच्या कपाळावर थांबला, ते मी पाहिलं.

मोडकी छत्री त्याच्या दोस्ताने आणून गाळ्यावर टाकली. उगाच कशाला घरी नेऊन त्याच्या डोळ्यांसमोर, तुम्ही पिशव्याबिशव्या शिवा याच्या, म्हणाला. तो गेला. बाबांनी शटर खाली घेतलं, भर दुपारी, आणि माझ्याकडे बघितलं. त्या पोराने तुला एकदा काय दाखवलं होतं तोंड लावून, ते दाखव, म्हणाले. म्हणजे त्या दिवशी चहाला निघताना त्यांनी तेवढं पाहिलं होतं. मी कोपरा उचलला, ओठांना लावला आणि ओढलं. हवा आली. सरळ आली, एखाद्या रुमालातून येते तशी, सोड्याच्या किंचित वासासकट. मी दुसरीकडे तोंड लावलं, तिसरीकडे. मग बाबांनी माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः लावलं. एवढा मोठा माणूस गाळ्याच्या मधोमध बसून कापड चोखतोय, आणि ते ओठांना चिकटत नाहीये म्हणून पुन्हा नवी जागा शोधतोय, हे मला अजून दिसतं. शेवटी त्यांनी ते मांडीवर ठेवलं. ‘कांजी नव्हती ती,’ म्हणाले.

मी रडायला लागले तेव्हा ते रागावले नाहीत. आईला हे कळता कामा नये, एवढं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी विचारलं, ‘आणि अजितला?’ त्यांनी मांडीवरचं कापड बाजूला ठेवलं. मग म्हणाले, ‘अजितला सांगितलं तर त्याच्या आईला कळणार. तिला कळलं तर हिला कळायला किती वेळ? ती विहीर जवळ करील, विजू. तू ओळखतेस तिला.’ साकीनाक्याला विहीर कुठली, पण मला अर्थ कळला. छत्री जुनीच होती, दोन-तीन वर्षं उन्हात तापलेली, कदाचित लेप आधीच जात आला असेल, असंही त्यांनी जोडलं, आणि स्वतःच त्या वाक्यावर विश्वास न बसून उठले. मोठी कात्री घेऊन त्यांनी ती छत्री उभी-आडवी कापली, आणि ज्या माणसाने हातभर चिंधीही कधी टाकली नाही त्याने ते सगळे तुकडे भंगारवाल्याला फुकट दिले. साबण लावू नको असं अजितने मला सांगितलं होतं, हे मी त्यांनाही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत मात्र रोज थोडी जास्त आग होत गेली.

पुढच्या रविवारपासून बाबा मुलुंडला जायला लागले. सकाळी बाजारातून सुरमई नाहीतर बांगडे घ्यायचे, आईकडून साफ करून डब्यात भरून घ्यायचे आणि बसने पवईवरून जायचे. अजितचे पाय चोळायचे, त्याला उचलून बसवायचे, मग कुबड्यांवर उभं राहायला लागला तेव्हा त्याच्या मागे दोन्ही हात पसरून चालायचे. सुरुवातीला येणारे क्लबातले दोस्त वर्षभरात यायचे बंद झाले. त्यांच्यात नवीन मुलांना शिकवताना ‘अजितसारखं करू नका’ असं म्हणायची पद्धत पडली आहे, हे त्याला कोणाकडून तरी कळलं होतं. त्याने मला ते हसत सांगितलं. घरी बसून तो ड्रॉइंग काढून देऊ लागला, कंबर थोडी धरली, दोन कुबड्यांवर घरात फिरण्याइतपत. वडील त्याच्याशी कामापुरतं बोलायचे, ते वारेपर्यंत. बाबा मात्र अकरा वर्षं गेले, एक रविवार चुकवला नाही, ताप असला तरी. बोलायचे काहीच नाहीत, तो सांगायचा, नुसते येतात, बसतात. गल्लीतले लोक बाबांना देवमाणूस म्हणायचे. बाबा ते ऐकले की दुसऱ्या खोलीत जायचे.

आणि आई. आई शेवटपर्यंत अजितसाठी हळहळली, आणि शेवटपर्यंत त्याला दोष देत राहिली. ‘इतकी स्वच्छ करून दिली होती रे छत्री मी, आणि त्याने काय केलं,’ असं ती लोकांना सांगायची. परक्यांशी बोलताना ती शुद्ध मराठी बोलायची, म्हणून ते अजूनच बोचायचं. बाबा तेव्हा ताटातल्या भाताकडे बघायचे. बाबा गेल्यावर हे ऐकायला मी एकटी उरले. माझं लग्न झालं, मी घाटकोपरला राहायला गेले, गाळा विकला, साकीनाक्यावरून मेट्रो गेली, आणि आई माझ्या घरी येऊन राहिली तेव्हाही माझ्या मुलीचे मळके बूट सोड्यात घालायची. तिच्या हाताला तो वास यायचा. मी तो हात हातात घेऊन झोपलेय, पण कधी कधी मला तो झटकून टाकावासा वाटला आहे, आणि हे लिहिताना मला शरम वाटते.

आई गेल्या वर्षी गेली. तिचे दिवस झाले आणि मी हिशेब केला की आता कोणाला वाचवायचं उरलेलं नाही. अजितला मी वर्षातून तीन-चारदा भेटायचेच. तो आता एकटा राहतो, मुलुंडलाच, सातव्या मजल्यावर, लिफ्ट बंद पडली की खाली उतरत नाही. मी ठरवून गेले. मला वाटत होतं, मी त्याला काहीतरी देणार आहे. तीस वर्षं जो माणूस स्वतःच्या हातांना दोष देत आला, त्याला त्याचे हात परत देणार आहे. ह्या विचाराने मी रिक्षात बसल्या बसल्या थोडी हलकीसुद्धा झाले होते. चहा झाला, आणि मी सगळं सांगितलं. सोडा, ब्रश, दुधट पाणी, कांजी, शटर खाली घेऊन तोंड लावलेलं कापड. साबणाचं वाक्यही सांगितलं.

‘मी सांगितलं होतं तुला?’ त्याने विचारलं. त्याला आठवत नव्हतं. ज्या वाक्यावर माझा जन्म गेला ते त्याला आठवतसुद्धा नव्हतं. मग तो बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसला, पालथे केले, उताणे केले. मला वाटलं, आता रडेल, आता सुटेल. त्याने मान वर केली तेव्हा वेगळंच विचारलं. ‘काकांना ठाऊक होतं?’

‘त्याच दिवशी कळलं त्यांना,’ मी म्हटलं.

‘म्हणून यायचे.’

मी म्हटलं, तसं नाही रे, त्यांचा जीव होता तुझ्यावर. ते खरंही होतं, पण माझ्याच कानांना ते खोटं वाटलं. अजितने कुबड्या ओढून घेतल्या, पण उठला नाही.

‘माझ्या बापाने मला माफ केलं नाही, विजे. क्लबाने नाही केलं. एकच माणूस होता जो दर रविवारी यायचा आणि एका शब्दाने विचारायचा नाही की ब्रेक का ओढलेस. मला वाटायचं, जगात ह्या एकाला तरी माझ्यावर भरवसा आहे. त्या माणसाच्या जोरावर उभा राहिलो मी.’ आवाज चढलेला नव्हता. ‘स्वतःला शिव्या घालायची सवय झाली होती मला, काही त्रास नव्हता त्याचा. आता काकांना शिव्या घालायची सवय ह्या वयात कुठून लावून घेऊ?’

मी कप उचलून मोरीत नेऊन ठेवले, विसळायला नळ सोडला आणि बंद केला. पर्स घेतली. तो दारापर्यंत आला, लिफ्ट वर येईपर्यंत दोन्ही कुबड्यांवर भार टाकून उभा राहिला, लिफ्टचं दार मी लावल्यावरही उभाच होता. पोचलीस की फोन कर, असं तो म्हणाला नाही. एरवी नेहमी म्हणायचा.